मॅनिटॉलचे तीन दिवस

राज्याचे दोन भाग होत होते. त्या उन्हाळ्यात मी सचिवालयात दोन्हीकडच्या फायली वेगळ्या करत होते. बाबा जामबाग मोहल्ल्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. एका सकाळी दाढी करताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं बंद झालं.

सिकंदराबादच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते हाक मारूनही डोळे उघडेनात. "सूजन बढ़री, अम्मा," डॉक्टर आईला म्हणाले. मेंदू सुजला होता आणि ऑपरेशन बाबांना झेपणार नव्हतं. सूज उतरवायला दर सहा तासांनी मॅनिटॉलची बाटली सुरू झाली. एसीत औषधाचे खडे होत, म्हणून सिस्टर बाटली आधी गरम पाण्यात ठेवायची.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडले. आईने त्यांचा डावा हात धरला. "मी कोण, ओळखलंत?" त्यांनी तिची बोटं दाबली. मी धावत बाहेर जाऊन भावाला फोन केला, "बाबा शुद्धीवर आले!"

त्याच्या पुढच्या सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. औषध किडनीला सोसत नव्हतं, लघवी जवळजवळ थांबली होती आणि बाबा पुन्हा गुंगीत गेले होते. चालू ठेवलं तर किडनी जाणार, थांबवलं तर सूज वाढणार; काय करायचं ते डॉक्टरांनी आम्हालाच ठरवायला सांगितलं.

"बाबांनाच विचार ना," आई मला म्हणाली.

औषध थांबवायच्या कागदावर मी सही केली. दोन दिवसांनी बाबा गेले. त्या सहीबद्दल आई माझ्याशी कधीच बोलली नाही.