झाकण उघडं असताना श्वास सोडू नये

आमच्या दुकानातले किस्से म्हणजे टाकीच्या काचेवरचं शेवाळ. आज घासून काढावं, तर परवा पुन्हा हिरवं!

दुकान सावेडीत, माशांचं. मालक समीरभाई, काउंटरला रूपाली आणि बी.एस्सी. करून मासे सांभाळणारी मी. रस्त्यावर स्कूटरचा हॉर्न वाजला तरी माझ्या हातातली जाळी पडते! फक्त कोपऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर माझी धडधड थांबते. तिथं एक प्रवाळ आहे, फार्मवर वाढवलेलं, कागदपत्रांसह आलेलं. निळा दिवा लागला की त्याची गुलाबी बोटं उमलतात आणि सगळं दुकान हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं.

त्याला वाढायला चुना लागतो. पावडर शुद्ध पाण्यात कालवून वरची निवळी थेंब थेंब सोडायची. पण पावडरीला हवा लागली की तिचा खडू होतो. मग ढीगभर घाला, उपयोग शून्य!

*

रूपालीनं एकदा डब्यात ओला चमचा घातला.

"घरी लोणच्याच्या बरणीत घालता का असा?" समीरभाईंनी विचारलं.

"घातला तर सासूबाई मलाच बरणीत घालतील!"

तेव्हापासून चमचा कोरडा.

*

"आपल्या श्वासानंसुद्धा चुना बिघडतो. झाकण उघडं असताना श्वास सोडू नये!" समीरभाई गमतीनं म्हणाले. मी मात्र तेव्हापासून गाल फुगवूनच झाकण काढायला लागले.

एकदा नेमका फोन वाजला. मी किंचाळले, चमचा उडाला. नशीब, मास्क आणि चष्मा होता! पावडर सगळी केसांत.

रूपाली म्हणाली, "अगं, एका मिनिटात पिकलीस की!"

*

मग आली खंडेनवमी. जाळ्या, कात्र्या, पंप, सगळं पूजेला मांडलं. झेंडू समीरभाईंनीच आणला होता. रूपालीला वाटलं, डब्यात कोंडलेल्या चुन्याची कसली पूजा? माझं लक्ष जाईपर्यंत तिनं अख्खी पावडर परातीत पसरली आणि वर ओल्या हळदीचं बोट टेकवलं.

हळद लालभडक झाली!

मी दोन पावलं मागं. रूपालीनं हात जोडले, "देवीनं कौल दिला!"

"ताई, ही केमिस्ट्री आहे," बाहेरून येत समीरभाई म्हणाले. पण पूजा मोडायला कोण धजावणार? परात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

परतलो तेव्हा परातीत देवीच्या कौलासकट खडू होता.

*

नवी पावडर यायला वेळ लागला. तोवर प्रवाळ मिटलं. निळा दिवा लागायचा, पण दुकान काही पाण्याखाली जायचं नाही.

"दिवाळीपर्यंत उघडलं नाही, तर ही टाकी बंद," समीरभाई खालच्या आवाजात म्हणाले. "गोल्डफिश ठेवू."

पावडर आली. छोट्या छोट्या डब्यांत भरली, रबरी रिंगची झाकणं घट्ट लावली. एक डबा वापरायचा, बाकीचे कपाटात, पाण्यापासून लांब. आणि झाकण उघडताना आता तिघंही श्वास धरायचो. समीरभाईसुद्धा!

*

धनत्रयोदशीची सकाळ. टाकीकडं पाठ करून, माना खाली घालून आम्ही तिघं डब्याभोवती उभे. एकदम चिडीचूप.

तिसगावचे एक काका नातवासाठी मासे घ्यायला आत आले. आम्हाला पाहिलं, दारातच थांबले, टोपी काढली, मान खाली घातली आणि तेही उभे राहिले!

झाकण बसलं. आम्ही श्वास सोडला.

"कोन गेलं वो?" काकांनी हळूच विचारलं.

"कुणीच नाही, काका!"

काकांनी आमच्या मागं, टाकीकडं बोट दाखवलं.

"मंग ह्ये गुलाबी फूल कुनाला वाह्यलंय?"