रिकामी मोटार, भरलेली मोटार

सोलापूर–बार्शी रस्ता कसा आहे, असे मोटारीच्या ड्रायव्हरांना विचारले तर दोघांचे उत्तर सहसा जुळत नाही. एक म्हणतो, रस्ता तळहातासारखा आहे. दुसरा म्हणतो, हाडे खिळखिळी होतात. ज्याचे त्याचे मत, म्हणून मी पूर्वी सोडून देत असे. वैरागहून मुलीला घेऊन निघालो, त्या दिवसापासून सोडत नाही.

मी सोलापुरात गिरणीच्या हिशेबखात्यात होतो. बायको आमच्या पाच वर्षांच्या मुलीसह वैरागला माहेरी गेली होती. मुलगी आजारी असल्याचा निरोप आला, म्हणून मी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून मला तिचा घसा दाखवला. आत राखाडी साय धरल्यासारखे दिसत होते. ते म्हणाले, "घटसर्प आहे. सोलापूरच्या इस्पितळात सुई मिळेल. आजच न्या."

हस्ताचा पाऊस नुकताच उघडला होता. मिळाली ती सर्व्हिस मोटार आम्ही धरली. आत आम्हांसह चौदा माणसे आणि टपावर भुईमुगाची पोती. ड्रायव्हर सोलापूरचा, पिकल्या दाढीचा; सगळे त्याला चाचा म्हणत. त्या वेळी समोरून मोटार आली की दोन्ही मोटारी थांबत आणि ड्रायव्हर एकमेकांना पुढच्या वाटेची खबर देत. मला मात्र तो प्रत्येक थांबा जिवावर येत होता. मुलगी श्वास घेताना करवतीसारखा आवाज येत होता आणि मोटार थांबली की तो आवाज मोठा वाटे.

पहिल्या मोटारीचा ड्रायव्हर हसून म्हणाला, "चाचा, ओढ्याला घोट्याएवढं पानी हाय. डोळे झाकून जावा की!"

थोड्याच अंतरावर दुसरी मोटार भेटली. तिची चाके चिखलाने लडबडलेली होती. तो ड्रायव्हर म्हणाला, "माघारी फिरा चाचा. मधोमध चाकं बसली माजी. बैलं लावून काढली."

"आत्ता तर तो म्हणला, घोट्याएवढं पाणी!" चाचा म्हणाला.

"त्याचं त्याला ठावं. माजं मी सांगितलं."

तो निघून गेला. चाचाने माझ्याकडे वळून पाहिले. "क्या करूं, भाऊसाब? एक म्हणतो जा, एक म्हणतो नको. गाडी मध्ये बसली तर बैल कुठून आणू?"

माघारी फिरणे म्हणजे काय, ते मला ठाऊक होते. बायको म्हणाली, "अहो, विचार कसला करता? हिचे ओठ बघा." ओठ निळसर झाले होते.

डोकी मोजण्याची मला जुनी सवय. पहिल्या मोटारीत ड्रायव्हर धरून तीनच माणसे होती. दुसरीत दाटी होती आणि टप पोत्यांनी भरलेला. मी म्हणालो, "चाचा, दोघेही खरे बोलले. पहिली मोटार रिकामी होती, दुसरी भरलेली. आपण रिकामी करू." बोललो खरा, पण मधल्या वेळात पाणी वाढले असेल तर हा हिशेब कवडीमोल, हेही मला कळत होते.

ओढ्याच्या काठावर मोटार थांबली. पोत्यांचा मालक अडत्या म्हणाला, "माझा माल चिखलात उतरवू? ते जमायचं नाही."

काखेत कोकरू घेतलेली एक धनगर म्हातारी आधीच खाली उतरली होती. ती म्हणाली, "शेंगा भिजल्या तर वाळतील की रं दादा. पोरगी गेली तर कुटनं आनायची? आन् तू नुसता उतारलास तरी निम्मं वजन जाईल."

माणसे हसली. अडत्या लाल झाला. "म्हातारे, तुझ्या जिभेला उतरवायला चार हमाल लागतील," असे म्हणत तो उतरला आणि पहिले पोते त्याने स्वतःच्याच पाठीवर घेतले.

मीही उतरलो. माझेही वजन होतेच. चाचा म्हणाला, "मध्ये थांबणार नाही. चढ चढून वर थांबतो. तुम्ही चालत या. बाकीच्यांना मागाहून नेतो." बायको मुलीला उराशी धरून बसली होती. मोटार पाण्यात शिरली, मधोमध एका अंगाला कलली, मागचे चाक जागीच फिरू लागले. मग चाकाने तळ धरला आणि मोटार पलीकडच्या चढावरून दिसेनाशी झाली. पाठोपाठ तिचा आवाजही थांबला.

पाणी घोट्याच्या बरेच वर होते. मी पडत-उठत पलीकडे गेलो. इंजिन बंद पडले असेल का, की दुसरेच काही झाले असेल, या भीतीने मला चढ दिसत नव्हता. वर पोचलो तर मोटार घुरघुरत उभी होती. चढाआड आवाज येत नव्हता, इतकेच. बायकोने हात पुढे केला. "चढा लवकर."

मुलगी वाचली. आम्हांला इस्पितळात सोडून चाचा मागे राहिलेल्या माणसांना आणायला परत गेला. त्या म्हातारीची गाठ पुन्हा पडली नाही.

मुलीचे लग्न होऊन ती आता बार्शीला असते. ती पुढच्या आठवड्यात पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. यंदाही हस्त कोसळतो आहे. काल मी मोटार अड्ड्यावर जाऊन आलो. ड्रायव्हर म्हणाला, "रस्ता एकदम बेस हाय, साहेब."

मी विचारले, "येताना मोटारीत माणसे किती होती?"

तो हसला. "चारच हुती की."

जावयांना लिहिले आहे की, मी स्वतः न्यायला येतो. तोवर तिला मोटारीत बसवू नका.