बैरूतवाल्याच्या टेबलावर उपास

आमच्या घरातले सुधारक म्हणजे आमचे हे. नंदुरबारला वकिली करत आणि वाचनालयात स्त्रियांच्या उन्नतीवर व्याख्यानं देत. व्याख्यान संपलं की मंडळी फराळाला आमच्याकडे येणार हे ठरलेलं. त्यामुळे ती उन्नती माझ्या कानावर कधी पडली नाही. मी चुलीपुढे असायची.

एकदा हायकोर्टाच्या कामासाठी ते मुंबईला निघाले आणि का कोण जाणे, मलाही बरोबर घेतलं. बंदराजवळ लेबनॉनकडच्या एका बैरूतवाल्याची खाणावळ आहे, तिथं अस्सल त्यांच्या मुलखातलं जेवण मिळतं, असं कुणा बॅरिस्टरनं त्यांना सांगितलं होतं. बॅरिस्टर जिथं जेवले तिथं न जेवता परतायचं म्हणजे नंदुरबारच्या वकिलांनी तोंड कुठं दाखवायचं? गावात त्यांना परक्या हातचं पाणी चालत नसे. त्यांचं सोवळं मात्र सुरतेला गाडी बदलताना फलाटावरच राहायचं.

खाणावळीचा मालक आडदांड, पिकल्या मिशांचा, मोडकी हिंदुस्थानी बोलणारा. मांस नको म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं नाही, उलट टेबल भरायला घेतलं. हरभरे वाटून केलेलं पिठल्यासारखं काहीतरी, वर तेलाचं तळं. बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचा ढीग. आणि भाजल्या वांग्याचं भरीत. त्यात तीळ वाटलेले, लिंबू पिळलेलं, मिरचीचा पत्ता नाही. भरताला मिरची न दाखवणारी माणसं एवढी धट्टीकट्टी कशी राहतात, मला कळेना. ताटं वेगळी नव्हती, सगळं मधोमध.

आमच्याकडे बायका पुरुषांच्या मागून जेवतात. मी हात मांडीवर ठेवून यांचं आटोपायची वाट पाहत बसले. सकाळपासून पोटात कपभर चहा होता. हे मनापासून जेवत होते आणि दोन घासांच्या मध्ये मला लेबनॉनचा इतिहास सांगत होते.

मला आवडलं नसावं असं समजून मालकानं माझ्या बाजूची वाटी उचलली आणि दुसरी आणली. मग तिसरी. शेवटी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई क्यूं नहीं खाती? खाना खराब?"

खरं कारण सांगावं तर व्याख्यानांचं काय व्हायचं? हे म्हणाले, "उपवास है."

मी यांच्याकडे पाहतच राहिले. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत अन्न नाही, आणि तेही यांच्या अब्रूसाठी. भुकेनं मी अगदी रडायच्या बेतात आले होते.

मालकानं छातीवर हात ठेवून माझी माफी मागितली आणि सरळ टेबल आवरायला लागला. हरभरे गेले, भरीत गेलं. यांच्या हातातला घास तेवढा राहिला.

"उपवासवाले के सामने दूसरा नहीं खाता," तो यांना म्हणाला. "शरम की बात."

यांचं जेवण अर्धंही झालं नव्हतं. त्यांनी आत चाललेल्या भरताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच घरच्या बोलीत म्हणाले, "खाय ना थोडं. मन्हासाठे."

अठरा वर्षांच्या संसारात त्यांनी मला जेवायचा पहिला आग्रह केला, तो असा.

"उपास सुटना का मंग?" मी विचारलं.

"सुटना," ते म्हणाले, आणि उपास सुटला असं मालकालाही सांगितलं.

मालकाचा चेहरा उजळला. त्यानं सगळं परत मांडलं, भट्टीतून टम्म फुगलेली रोटी आणली आणि ती यांच्यापुढून नेऊन माझ्यापुढे ठेवली. फोडल्यावर आतून वाफ आली. मी एक घास घेतला, लगेच दुसरा घेतला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

"हळू खाय," हे म्हणाले. "लोक देखी ऱ्हायनात."

मी हळू खाल्लं नाही. लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा मी भाकऱ्या भाजत होते, आणि गरम घास माझ्या तोंडात त्या दिवशी पहिल्यांदा पडला.