तीन परवान्यांखालचे पाणी

लोणीकडच्या माळावर दगडखाणी तीन आणि परवानेही तीन. प्रत्येक खाणीच्या अहवालात तिचा स्वतःचा पाणीउपसा नगण्य ठरतो. तिन्हींचा परिणाम एकत्र तपासावा, असे अर्ज मी जिल्हा खनिकर्म कार्यालयाकडे वर्षानुवर्षे करीत आहे. तोवर भोवतालच्या विहिरी आटल्या.

मधल्या खाणीवरचा पंपवाला मला एकदाच भेटला. बोलताना त्याचा तळवा पाइपावर टेकलेला होता. पाण्याचा जोर त्याला हातानेच कळत होता.

“हा पंप आठ दिवस बंद राहिला तर?” मी विचारले.

“ऱ्हायला व्हता की, आबा. मोटर जळली व्हती. तवा शेजारच्या दोन्ही खाणींत पानी चढलं, त्यांना जादा पंप लावायला लागलं. खाली पानी एकच हाय, तीन हायेत ती कागदावर.”

मला हवा होता तो हाच पुरावा. तिथेच जबाब लिहून मी त्याच्यापुढे धरला. त्याने तो सावकाश वाचला, मोटर पाच अश्वशक्तीची नसून साडेसातची आहे अशी दुरुस्ती सांगितली आणि कागद सहीविना परत दिला.

“हिरीला पानी न्हाई म्हणून तर हितं कामाला हाय. आता हे बी घालवू का?”

माझा संताप त्याच्यावर नव्हता. निनावी जबाब कोणी ग्राह्य धरीत नाही, हे जाणूनही मी तो तसाच पाठवला.