रशीदा खाला आणि उपाशी लेकरू

रशीदा खाला कुणाच्या घरी रिकाम्या हाताने गेली नाही. ओढणीच्या टोकाला काहीतरी बांधलेलं असायचंच. शेंगदाणे, गुळाचा खडा, कधी दोन खजूर. साखरा गावात तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माझे मालक पुण्याला कंपनीत. दोन घरांत मिळून आम्ही तिघंच. मी, माझा प्रतीक आणि खाला.

"लेकरू उपाशी दिसलं की माह्या घशाखाली घास उतरत न्हाई," असं ती म्हणायची.

प्रतीक आठ वर्षांचा, पण अंगाने फार जाड. त्याची डावी कूस दुखायची, उलट्या व्हायच्या. लोक म्हणत, जास्त खातो. खाला त्यांच्याशी भांडायची, "खात्या लेकराला नजर लावून राहिले का?" शेवटी हिंगोलीला सोनोग्राफी केली. डावी किडनी सुजली होती. किडनीतून लघवी उतरायची नळी जन्मापासूनच अरुंद होती. जाडपणामुळे सूज कुणाच्या हाताला लागलीच नव्हती. ऑपरेशन केलं नाही तर किडनी जाईल, असं सांगितलं.

मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खाला सोबत आली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "जाड मुलाला भूल देताना जास्त जपावं लागतं. सकाळी पोटात काहीही नको. पाणीसुद्धा नको."

ऑपरेशनच्या सकाळी प्रतीक भुकेने रडत होता. मी तोंड धुऊन आले तर गप्प. मला वाटलं, रडून दमला असेल.

त्याला ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचरची गाडी आली. "काही खाल्लं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. प्रतीकनेही हलवली. गाडी दारापर्यंत गेली, तेव्हा खालाने पुढे होऊन दांडा धरला.

"बाईसाहेब, नेऊ नका. मी चारली त्याला खारी. चहात बुडवून."

"सांगितलं होतं ना आजी? कशाला चारली?"

"रडून राहिला होता. मला वाटलं, एवढ्याशा खारीनं काय होतंय."

"भूल दिल्यावर तीच श्वासनळीत गेली असती. पोरगं हातचं गेलं असतं."

सगळा वॉर्ड बघत होता. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "म्हातारीला चारायची लई हौस दिसती."

"हौस न्हाई बाई, खोड हाय," खाला म्हणाली आणि भिंतीशी जाऊन बसली. त्या दिवशी ती स्वतः काही जेवली नाही.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं. तेव्हा ती वर वॉर्डात आलीच नाही, दवाखान्याच्या फाटकाजवळ बसून राहिली. "माह्या हाताचा भरवसा न्हाई, सुमन. तू ऱ्हा त्याच्यापाशी. काय इचारतील ते तूच सांग."

मी एकटीच वर बसले. विचारलं तेवढं सांगितलं. चरबीमुळे किडनीपर्यंत पोचायलाच वेळ लागला म्हणे. पण किडनी वाचली.

घरी आल्यावर खालाचं येणं बंद झालं. डॉक्टरांनी प्रतीकचं वजन कमी करायला सांगितलं होतं, ते तिला ठाऊक होतं. मी भिंतीवरून हाक मारली की म्हणायची, "मोकळे हात घेऊन येऊ कशी? अन् भरून आणले तर तू घेशील व्हय?" मी धुणं वाळत घालायला वळायचे. प्रतीक तिच्याकडे जायचा, तर ती ओट्यावरच त्याच्याशी बोलायची, घरात बोलवायची नाही.

यंदा तिचे गुडघे गेले. वारंगा फाट्याला तिच्या भाच्याचं टायरचं दुकान आहे. तो न्यायला आला. जीपमध्ये बसायच्या आधी तिने प्रतीकच्या सदऱ्यावरून डाव्या कुशीला हात लावला.

"दुखतं का रे?"

"न्हाई, खाला."

"मंग बरं." माझ्याकडे बघून म्हणाली, "येते, सुमन."

तिच्या घराला आता कुलूप आहे. लोक मला प्रतीकची आई म्हणतात. नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी उरलं नाही.