केरूच्या सीटखालची ऊब

भांडण सकाळचं होतं आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडचं होतं, म्हणजे अख्ख्या वाडीचं होतं. तव्यावर भाकरी टाकणारीलाही ते ऐकू आलं, नि भाकरी एका अंगानं करपली.

"तुझ्या भावाचा डबा गाडीत बसला नि गाडी उठायची राहिली," सोनूबाई सुनेला सांगत होती. "रोज सकाळी बाप्ये जमवून धक्का मारायचा. तोवर गणपतीपुळ्याची गिऱ्हाईकं दुसऱ्याच्या टॅक्सीत."

"डब्यानं काय केलंन? गाणी वाजवतो तो," मथुरा म्हणाली.

"आणि ती मांजरी? दिवे लागले की माझ्या केरूच्या सीटवर जाऊन निजते. कधी चढली होती गाडीत? देवीला कौल लावलाय मी. घरात आलेल्या वस्तूचा दोष हाय काय म्हणून विचारलं, तर उजवं फूल पडलं, म्हणजे होय. तू आपली माहेरी जा गो थोडे दिवस."

पलीकडच्या पडवीत काशीराम दात घासत होता. मांजरीचं नाव निघालं तिथे त्याचा हात थांबला.

हा काशीराम रत्नागिरीत स्टँडाजवळ रेडिओ-टेपचं दुकान चालवी. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. कामाला चोख, बोलायला कंजूष. बायकोनं आमटी खारट झाली काय विचारलं तर पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा, तेच उत्तर. टॅक्सीवाले म्हणत, काशीरामच्या हाताला यश आहे. ते ऐकायला मात्र त्याला आवडे.

मथुराच्या भावानं मुंबईहून आणलेला ॲम्प्लिफायर, म्हणजे टेपचा आवाज वाढवणारा चपटा डबा, तिच्या नवऱ्याच्या, केरूच्या ॲम्बॅसडर टॅक्सीत काशीरामनंच बसवला होता. बसवला तर गाण्यामागून कुईं ऐकू येई, आणि इंजिन जोरात केलं की कुईंही चढे. काशीराम निम्मा दिवस गाडीत आडवा पडून होता. शेवटी सीटखालचा रंग खरवडून त्यानं कोरा पत्रा काढला, काळी वायर तिथे बोल्टनं आवळली, आणि कुईं गेली. केरू तर आनंदानं नाचलाच.

त्या आनंदात एक बारीक वायर राहून गेली. ती टेपच्या बटणाला जोडायची असते, म्हणजे टेप बंद केला की डबाही निजतो. तपासण्यापुरती काशीरामनं ती बॅटरीच्या तांबड्या वायरला पिळली होती, ती तशीच राहिली. टेप बंद असला तरी डबा जागाच. रात्रभर बॅटरी पीत बसे, नि वरची सीट कोमट राही. पौषाच्या थंडीत मांजरीला आणखी काय हवं?

गडग्यावरून एक हाक मारली असती तर भागलं असतं. काशीरामनं चूळ भरली आणि चुळीबरोबर ते बोलणंही थुंकून टाकलं. आज गुपचूप नीट करू, कुणाला कळायचं कारण नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण त्या दिवशी धक्का मारून गाडी निघाली ती मथुराला घेऊन तिच्या माहेरी, बुरोंडीला. दुसऱ्या दिवशी केरू स्टँडावर चहाला गेलेला पाहून काशीरामनं सीटखाली हात घातला आणि वायर जागेवर जोडली.

पुढच्या सकाळी गाडी चावीसरशी उठली.

"बघितलात?" सोनूबाईनं गडग्यावरून वाडीला विचारलं. "ती गेली नि गाडी सुरू झाली."

काशीरामनं न्याहारीचं ताट बाजूला सारलं. वायर सुधारली होती. आणि त्याच हातानं त्यानं मथुरावर दोषाचा शिक्का मारला होता. संध्याकाळी तो सोनूबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"काकी, चूक माझी हाय. सुनेची नाय, तिच्या भावाची नाय."

"तिची कड घेऊन आलास होय?"

काशीराम अंगणातल्या गाडीत वाकला. बारीक वायर सोडवून पुन्हा तांबडीला पिळली. अंधार पडता पडता मांजरी आली आणि सीटवर गोल झाली. सकाळी गाडी मेलेली.

सोनूबाईनं मांजरीखालच्या सीटला हात लावून पाहिला. "मेल्या, त्या दिवशी पडवीत उभा होतास ना? तेव्हा काय दातखीळ बसली होती?"

"देवीनं खरं तेच सांगितलं, काकी. दोष वस्तूचाच होता. जोडली कोणी, ते मात्र तुम्ही विचारलं नाय नि मी सांगितलं नाय."

काशीरामनं वायर पुन्हा बटणाला जोडली, नि केरू जाऊन मथुराला घेऊन आला. काशीराम मान खाली घालून समोर गेला, तर ती म्हणाली, "हाताला एवढं यश, दादा, नि तोंडाचा फ्यूज उडालेला?"

सगळे हसले. काशीरामला हसता आलं नाही. मथुरा आली, पण डब्याचा बोल लागलेला तिचा भाऊ त्या अंगणात पुन्हा कधी चढला नाही. दर गणपतीत ती वाटेकडे बघे, आणि काशीराम तिच्याकडे बघणं टाळायचा.

तेव्हापासून दुकान बंद केलं की तो केरूच्या गाडीपाशी थांबायचा. दार उघडून सीटखाली तळवा लावायचा. वायर आता कुठे जात नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

वर्षं गेली. शिमग्याआधीच्या एका संध्याकाळी छातीत भरून आलं होतं, तरी तो अंगणात आला. वाकला, तळवा लावला. पत्रा गार होता.

"डबा निजलाय," तो म्हणाला.

"माहीत हाय, दादा. घरी जावा," तुळशीपाशी दिवा लावता लावता मथुरा रोजच्यासारखं म्हणाली.

त्यानं दार लोटलं, लागलं का ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं, आणि गडग्याच्या कडेकडेनं घरी गेला, तो शेवटचाच.