आत्याच्या गिरणीचे शेअर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. सिन्नरजवळच्या आमच्या गावात ती अंगणवाडीत मदतनीस होती. मी नाशिकला कॉलेजात असताना तीन वर्षं रोज सकाळच्या एसटीने तिने माझा डबा पाठवला, आणि परीक्षेची फी स्वतःच्या मानधनातून भरली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. त्यामुळे लाइटबिल जास्त आलं किंवा म्हशीचा विमा उतरवायचा असला, की गावाकडून मलाच फोन यायचा. मला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण तसं सांगायची हिंमत काही पदवीबरोबर मिळाली नव्हती.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या कॅन्टीनमध्ये क्रिकेटच्या गप्पा बंद पडल्या आणि लहान कंपन्यांच्या नव्या शेअरच्या सुरू झाल्या. अर्ज करायचा, सोडतीत नंबर लागला तर शेअर मिळायचे, आणि बाजारात येताच त्यांचा भाव चढायचा. तपासणी विभागातल्या एका साहेबांनी असा महिन्याचा पगार एका सकाळी कमावला होता. तेव्हापासून आमटीत मीठ बरोबर आहे का, हेही लोक त्यांनाच विचारू लागले.

माझा नंबर चार वेळा हुकला. बायकोचाही लागेना. साहेब म्हणाले, "घरात अजून पॅन कार्डं किती आहेत? म्हाताऱ्या माणसांची काढ. त्यांचं नशीब शिल्लक असतं."

आत्या तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. गावातली पिठाची गिरणी बंद पडली होती आणि बायकांना दळण घेऊन शेजारच्या गावी जावं लागायचं. आत्याला ओसरीत गिरणी बसवायची होती. त्यासाठी तिने सव्वा लाख रुपये साठवले होते. एका अर्जाला नेमके तेवढेच लागत होते, आणि माझे पैसे माझ्याच अर्जात अडकलेले. पंधरा दिवसांत गिरणी आणि वर मोटरीचा खर्चही सुटेल, असं मी तिला सांगितलं.

"ती कंपनी बनवती काय?" तिने विचारलं.

"कारखान्यांना लागणारी यंत्रं."

"कोणती?"

"ते पुढच्या पानावर आहे," कंपनीचं माहितीपत्रक चाळत मी म्हणालो. पुढच्या पानावर संचालकांचे फोटो होते. तेच तिला दाखवले.

"माणसं बरी दिसत्यात," ती म्हणाली. "आणि तू वाचलंय म्हंजे ठीकच असंल."

शेअरचं खातं मोबाइलवरून उघडायचं होतं. तिथे जिवंत माणूस आहे हे पटावं म्हणून कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावे लागतात. कोणाकोणाला दिसणार ते माहीत नसताना आपण डोळे मिचकावणार नाही, असं आत्याने पदर सावरून स्पष्ट सांगितलं. शेवटी मी चुलीतला धूर तिच्याकडे वळवला आणि खातं उघडलं.

आणि तिचा नंबर लागला. पहिल्याच दिवशी सव्वा लाखाचे पावणेदोन लाख झाले. मी कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. आत्याचा फोन आला, "आता इकून टाक. गिरणीवाला सोमवारी येतोय."

मी तिला म्हणालो, "आत्या, शिकलेला माणूस थांबतो."

ती म्हणाली, "मंग गिरणीवाल्याला नको म्हणू?"

"थोडं थांब म्हण."

आठवड्यात दोन लाख झाले. त्यानंतर भाव रोज पाच टक्क्यांनी उतरू लागला. त्याहून जास्त एका दिवसात उतरायला परवानगी नसते, म्हणून तो शिस्तीत उतरत होता. मी रोज सकाळी विकायला टाकायचो, पण घेणारा कोणी नसायचा. कांद्याचा भाव विचारावा तसा आत्या रोज संध्याकाळी भाव विचारायची. एकदा म्हणाली, "कांदा असता तर नासायच्या आत सोयऱ्याधायऱ्यांना वाटला तरी असता."

तेव्हा कुठे मी ते माहितीपत्रक पहिल्यापासून वाचलं. कारखान्याचा पत्ता अंबडचाच निघाला. आमच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत, ज्या गाळ्यावरून मी चार वर्षं दुचाकीने जात होतो, तोच. त्याचं गेट उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. एवढा अभ्यास करायला मान जरा डावीकडे वळवणं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर आत वॉचमनने खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या.

"मशिनी? त्या जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "तुम्हीपण शेअरवाले का? काल असाच शर्ट घातलेले एक साहेब आले होते. लय वेळ गेट हलवत होते."

असा शर्ट फक्त आमच्या कंपनीत देतात. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी साहेबांशेजारी बसलो. आम्ही दोघंही आमटीबद्दल काही बोललो नाही.

अखेर विकले गेले तेव्हा एकतीस हजार हातात आले. बाजारातून घेतलेल्या दुसऱ्या शेअरांत माझेही बरेच गेले, पण ते माझे होते. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "जेवलास का?" आणि ठेवून दिला. पुढचे तीन फोनही तसेच गेले. मग मी पत्र लिहिलं.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहीत आहे. तुझ्या सव्वा लाखांपैकी एकतीस हजार तुझ्या खात्यात परत आले आहेत. बाकीचे चौऱ्याण्णव हजार मी द्यायचे आहेत. माझ्याजवळ होते ते चाळीस हजार आज भरले. उरलेले दर महिन्याला सहा हजार, असे नऊ महिन्यांत फिटतील. नको म्हणू नकोस.

बाजारच पडला, पोराची काय चूक, असे तू गावात सांगतेस हे मला कळले. तसे सांगू नकोस. तू विक म्हणालीस तेव्हा मी विकले असते, तर आज तुझी गिरणी चालू असती. मी हे वडिलांना आणि चुलत्यांना सांगितले आहे.

सिन्नरला एक जुनी गिरणी विकायला आहे, असे ऐकले. मालक निम्मे पैसे आधी आणि निम्मे नंतर घेतो का, ते विचारू. मी रविवारी येतो. येताना पायलीभर बाजरी आणतो, म्हणजे घेण्याआधी दळून बघता येईल. पीठ कसे पडते ते तू बघ आणि भावही तूच कर. मी पिशवी धरून मागे उभा राहीन.

तुझा भाचा